पाण्यात चालते

बोहरी आळीत नऊ वर्षं मी एकच वाक्य विकत आले:
"पाण्यात टाकली तरी चालते, ताई."
फुगे, झिरमिळ्या, वाढदिवसाच्या टोप्या,
आणि काउंटरखाली ग्लो स्टिकची खोकी.
डझनाला नव्वद, दांडियाच्या आठवड्यात एकशेवीस.
कधी टाकून बघितली नव्हती.
शेठ म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचे.

नवरात्र उलटल्यावर तारीख गेलेलं एक पाकीट
शेठनी बोनसबरोबर हातावर ठेवलं.
वर्षभर ते पिठाच्या डब्यावर पडून होतं.

त्या रात्री खडकवासल्यातून किती क्युसेक सोडले
ते गाडीच्या भोंग्यावरून सांगून गेले म्हणे.
आमच्या गल्लीत भोंगा पोचला नाही,
पाणी पोचलं.
आधी मोरीतून, उलटं.
मग उंबऱ्यावरून, सरळ.
मी रेशनकार्ड उचललं आणि ते पाकीट.
पाकीट का, ते आजही सांगता येणार नाही.
गॅसचं पुस्तक राहिलं.

मनपा शाळेच्या गच्चीवर आम्ही त्रेसष्ट माणसं,
दोन शेळ्या, एक शिवणयंत्र,
आणि नववा महिना लागलेली मालन खुडे,
पोटावर ताडपत्री, ओठ घट्ट.

पलीकडच्या तीरावर टॉवर.
एकेका बाल्कनीत दोन-दोन मोबाईल,
सगळ्यांचे दिवे चालू, पूर शूट करत.
अग्निशमनची रबरी बोट पुलाखाली घुटमळत होती.
पांढऱ्या दिव्यांच्या त्या जत्रेत
कुठला दिवा हाक मारतोय, तिला कळणार कसं?
इस्माईलचा मोबाईल हलवता हलवता विझला.
ओरडणं पावसानं खाल्लं.

पहिली कांडी मोडली. कट्ट.
काजव्याला लाज वाटेल एवढा उजेड.
सोजरबाई म्हणाली, "गारठलीय ती.
काखेत धर. कोंबडीचं पिल्लू धरतात तशी."
मग आठ बायकांच्या काखेत आठ कांड्या.
मोडल्यावरच उजेड पडतो, असलं काही
कुणी म्हणालं नाही. तेवढा वेळ नव्हता.

सोजरबाईनं परकराची नाडी ओढून काढली,
एका हातानं परकर धरला,
दुसऱ्यानं नाडी माझ्याकडे दिली.
मी लाल निवडली.
पाण्याच्या टाकीवर चढले
आणि फिरवली, गोफणीसारखी,
पण डोक्यावरून नाही, समोर,
थेट नदीच्या तोंडासमोर.
अंधारात एक लाल चाक उभं राहिलं.
पाऊस त्याच्या आरपार जात होता,
आणि ती विझत नव्हती.
विझत नव्हती, ताई.

बोटीचं नाक वळलं.

मालनला आधी उतरवलं.
बोटीतल्या पोरानं विचारलं, "हे कुठून आणलं?"
"बोहरी आळी. डझनाला नव्वद."
उरलेल्या चार त्याला दिल्या.
एक त्यानं झाकण वाहून गेलेल्या चेंबरशेजारी
विजेच्या खांबाला बांधली.
बाकीच्या तीन कुठे गेल्या, माहीत नाही.

खांदा आठ दिवस उचलत नव्हता.
टॉवरमधल्या कुणाचा तरी व्हिडिओ सगळीकडे फिरला.
त्यात ते चाक दिसतं, बारीक, कुंकवाच्या टिकलीएवढं,
आणि मागून एक बाई म्हणते,
"ते बघ, गच्चीवर कसली पार्टी चाललीय."

गाळ उपसून दुकानात गेले तो दिवस शनिवार.
एक मुलगी आली, रेनकोटमधून पाणी गळत.
भाचीचा वाढदिवस आहे, गच्चीवर.
"पाऊस आला तर चालेल ना ही?"
वाक्य जिभेवर होतं, नऊ वर्षांचं.
मी खोकं पुढे सरकवलं.
शेठ गल्ल्यावरून बघत होते.
"लाल दोन जास्त घे," मी म्हणाले,
"आणि घरात नाडी आहे का, बघून ठेव."